पाणी मीच मारलं

त्या सकाळी आपण दोघांनी वाकळ झटकली. तेवढंच शेवटचं. दोन टोकं तुझ्या हातात, दोन माझ्या. अंगणात उभं राहून झटका दिला न सगळा धुरळा माझ्या तोंडावर आला. तू हसलीस. "आवं, वाऱ्याच्या खाली कशाला उभं ऱ्हाताय? आयुष्य गेलं तरी वारा कळंना तुमास्नी." मग घडी घालायची. तू ओढायचीस, मी ओढायचो. तुझी खोड अशी की शेवटचा हिसका जरा जास्त द्यायचीस, माझा तोल जाईल एवढा. लगीन झाल्यापासनं देत आलीस.

घडी घालता घालता तू टाकीचा इषय काढलास.

"सोमवारी ग्रामसभा हाय. परत सिमिटच भरणार म्हणत्यात."

"भरू देत."

"तुमी गवंडी हाय. गाव तुमचं ऐकतंय. एकदा उभं ऱ्हावा न म्हणा, त्या डिंकात खोट नव्हती."

मी वाकळंची टोकं जुळवत बसलो.

"तोंड शिवलंय का?" तू म्हणलीस, न माझ्या हातातली वाकळ ओढून घेऊन आत गेलीस. दुपारी तुझ्या छातीत कळ आली. दहिवडीचा दवाखाना, तिथनं सातारा. पुढचं सगळ्यांला म्हाईत हाय.

सुमननं आता मला ही वही दिली. म्हणली, "तात्या, आईच्या दहाव्याला वाचायला चार ओळी पायजेत. गुरुजी लिवून देतो म्हणत्यात." मी म्हणलं, नको. गुरुजी मनमिळाऊ लिवतील. चौकात पोरांनी तुझा फोटू लावून बॅनर केलाय, त्याच्यावर बी तेच. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. बाकी असंल, पर मनमिळाऊ? तू? कुणाशी मिळालीस गं तू? सरपंचाशी न्हाई, जावंशी न्हाई, माझ्याशी तर एक दिवस न्हाई. तवा मीच लिवतो. माझी चौथी झाल्याली हाय. अक्षर वाईट हाय, पर खोटं लिवणार न्हाई. खोटं बोलून झालंय माझं.

ज्यांला म्हाईत न्हाई त्यांच्यासाठी टाकीचं सांगतो. आपल्या गावाची पाण्याची टाकी शाळंच्या मागं, जिमिनीवरच. आधी अर्धी बांधली, गाव वाढलं तशी पुढं वाढवली. जुनं बांधकाम न नवं बांधकाम जिथं मिळतं तिथं वरपासनं खालपर्यंत एक उभी फट. दर उन्हाळ्यात ती उघडती न पिण्याचं पाणी शाळंच्या मैदानात जातं. माण तालुक्यात पाणी मैदानात जाणं म्हंजे काय, ते दुसरीकडच्याला सांगून कळत न्हाई. दर वर्षी ती फट सिमिटानं भरायची. आधी मी भरायचो. माझं गुडघं गेल्यावर हणमा भरायला लागला. त्यानं थापी धरली तीच माझ्या हाताखाली. दर वर्षी भरायची, दर वर्षी उघडायची. मी म्हणायचो, वाळूत माती हाय. कवा म्हणायचो, सिमिट जुनं हाय. फट आपली उघडतच ऱ्हायली.

मग तू मेंबरीण झालीस. बायकांची जागा निघाली न तुला उभी केली. सगळ्यांला वाटलं ही सही करंल न गप बसंल. तुला वळखत नव्हती ती माणसं.

त्या साली आपण सांगलीला तुझ्या भाच्याकडं, संपतकडं गेलतो. त्याचं काचंच्या कामाचं दुकान. त्यानं आपल्याला एक मोठं बांधकाम दाखवलं. दोन इमारती शेजारी शेजारी, मधल्या सांध्यात काळी रबरागत पट्टी. "मावशी, ही मी धंदा सुरू केला तवा भरलीया. आजून थेंब आत गेला न्हाई. सिलिकॉन हाय हे." तू नखानं दाबून बघितलंस. दाबलं की दबायचं, सोडलं की परत वर. आटपाडी येईस्तवर एसटीत तू दुसरं काय बोलली न्हाईस.

"भिताड हलतंय म्हणं."

"भिताड हलत न्हाई. तुझं डोस्कं हलतंय. मी जल्मभर भिती बांधल्या."

"उन्हानं फुगतंय, गारठ्यानं आकसतंय, असं म्हणला संपत. आन तुमचं सिमिट तुमच्यासारखंच. ताठ. तडकंल, पर वाकायचं न्हाई."

म्होरच्या शिटावरचा माणूस हसला. मला राग आला. तू तोंडातनं एकदा काय काढलंस की ते खरं निघायचं, ह्याचा मला कायम राग होता. आता सांगायला काय हरकत हाय.

ग्रामसभेत तू काय बोललीस ते आजून ध्यानात हाय. सगळी म्हणली, सिमिट सोडून असला डिंक कोण घालतं का टाकीला? तू उठलीस. "लाईटीच्या खांबावर बघा," म्हणलीस. "आधी चिनी मातीच्या वाट्या होत्या. माझ्या माहेरची पोरं गोफणीनं फोडायची, का सगळी वाडी अंधारात. धुकं पडलं की त्याच्यावरच्या धुरळ्यातनं करंट उडायचा न लाईट जायची. आता करड्या रबराच्या आल्यात. वायरमनला इचारा, ते ह्योच डिंक हाय. पाणी त्याच्यावर ठरत न्हाई, ऊन त्याला खात न्हाई. माझ्या भावानं मुद्दाम धोंडा मारून बघितला."

"मग काय झालं?" सरपंच म्हणलं.

"काय व्हायचं? धोंडा माघारी आला. भावाच्याच नडगीला लागला."

सगळी सभा हसली न मंजूर झालं. एकदा करून बघा म्हणली. संपतनं पिण्याच्या पाण्याला चालतं ते सिलिकॉन पाठवलं, ते फटीत दाबून भरायची बंदूक पाठवली. काम मी करणार असं तूच सांगून बसलीस. "दुसऱ्याच्या हातात कशाला? माझा माणूस गवंडी हाय." ह्या वाक्याला तू किती ताठ झाली होतीस ते मी बघितलंय. आन निघताना मला म्हणलीस, "संपत म्हणलाय, भित कोरडी पायजे. ठार कोरडी. ध्यानात ऱ्हाईल नव्हं?"

"मला शिकीव आता तू भिती," मी म्हणलं.

आता जे लिवतोय ते तुला सांगायचं होतं. दोन वर्सं सांगायचं होतं.

गवंड्याच्या हाताला एक सवय असती. भितीला काय बी लावायच्या आधी पाणी मारायचं. जुन्या भितीवर कोरडं सिमिट बसत न्हाई, भित पाणी पिऊन घेती न सिमिट भुगा होतं. म्हणून आधी पाणी. माझ्या उस्तादानं मला तेच शिकवलं, मी हणमाला तेच शिकवलं. तू वर टाकीच्या तोंडाशी बसली होतीस, मी आत उतरलो. फट खरवडून साफ केली. आन बादलीत मगा बुडवून फटीवर पाणी मारलं. ईचार केला न्हाई. हातानंच केलं. मारल्यावर कळलं. खांद्यावरच्या टॉवेलानं जरा पुसलं. फट खोल, टॉवेल आत जाईना. वर सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, मग आज ऱ्हाऊ द्या, उद्या ऊन खाऊ दे तिला. एवढंच झालं असतं. पर कोरडं कर म्हणून बायकोनं सांगितलं होतं न मी ओलं केलं होतं, हे मला टाकीच्या तळातनं वर वरडून सांगायचं नव्हतं. मी बंदूक लावली न भरून टाकलं.

महिन्यात ते सुटलं. तुटलं न्हाई, सुटलं. सापाची कात निघावी तशी वरपासनं खालपर्यंत एक अख्खी पट्टी निघाली. ते भिताडाला चिकटतं, पाण्याला न्हाई. मधी पाणी असलं की ते पाण्यावर बसतं, न पाणी गेलं की ते बी जातं. सरपंचांनी ती पट्टी सभेत वर धरून दाखवली. म्हणलं, "हे बघा मेंबरीणबाईंचं सिलिकॉन." तुझं तोंड मी तिथं बसून बघत होतो. माझं तोंड कुणी बघत नव्हतं.

घरी आल्यावर तू एकदाच इचारलंस. "कोरडं होतं नव्हं?"

मी म्हणलं, "व्हय."

त्यानंतर गावानं तुला डिंकवाली केली. नळावर सोनाबाई म्हणायची, "मेंबरीण, डिंकाचं लाडू कर की आमास्नी." तू म्हणायचीस, "करते की. तू बाळंत कवा हुतीस तेवढं सांग." सोनाबाईचं वय सत्तर. सगळ्या बायका हसायच्या. घरात येऊन तू मातूर हसायची न्हाईस. ती पट्टी तू सभेतनं उचलून आणलीस न शेरडांच्या कुडाचं दार तिनं बांधलंस. दोन उन्हाळं गेलं. कुडावरचा पाइप उन्हानं तडकला, सुतळी कुजून गळली. ती पट्टी आजून ताणली तर ताणती. येता जाता मला दाखवायचीस. "बघा. माल वाईट नव्हता." मी शेरडांकडं बघायचो.

साताऱ्याच्या दवाखान्यात तुला लघवीची नळी लावली. तू सिस्टरला इचारलंस, "बाई, ही कसली गं नळी?" तुला सगळंच इचारायची सवय. ती म्हणली, "आजी, सिलिकॉनची हाय. जास्त दिवस चालती, आत टोचत न्हाई." तू माझ्याकडं बघितलंस. तोंडाला वाफंचा मास्क, न डोळ्यात हसू.

"ऐकलं का? आलं बघा माझ्या अंगात."

"जास्त बोलू नको."

"जित्या माणसाच्या आतड्याला चालतंय. गावाच्या टाकीला तेवढं चालत न्हाई व्हय?"

शेजारच्या खाटंवरची बाई हसाय लागली. मी तुझा हात धरला होता. त्याच येळंला सांगायचं होतं. ओठावर आलतं. मी म्हणलं, "चा आणतो." खाली जाऊन दोन कप चा पिलो. वर आलो तवा तुला झोप लागली होती. त्यानंतर दोन दिवस तू होतीस. दोन दिवसांत मी अठ्ठेचाळीस येळा सांगू शकलो असतो.

आन आता एक गोष्ट मला खाती. तुला म्हाईत होतं का? गवंड्याची बायको तू. माझ्या जेवणाचं फडकं घेऊन कामावर यायचीस. पाणी मारल्याबिगर भित लिंपल्यालं मला कवा बघितलं होतंस? तू टाकीच्या तोंडाशीच बसली होतीस. मग्याचा आवाज तुला आला नसंल? आला असला, तर दोन वर्सं तू डिंकवाली म्हणून घेतलंस, मला उघडं पाडलं न्हाईस. वाकळ झटकताना "तुमी एकदा म्हणा" म्हणलीस, ते सरपंचासाठी न्हाई, तुला म्हाईत हाय हे मला सांगाय म्हणलीस. असं असंल तर मला तुझा राग येतोय. लय राग येतोय. एवढी भांडायचीस, मग ह्याच्यावर का भांडली न्हाईस? भांडली असतीस तर मी कबूल झालो असतो. झालो असतो का? काय की. पर तू संधी द्यायची होतीस, हिसका द्यायचा होतास.

तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी राख सावडली. निवदाला कावळा लगेच शिवला. सगळी म्हणली, "नशीबवान बाई, काय इच्छा ऱ्हायली न्हाई." मी बघत होतो त्या कावळ्याकडं. त्याला भूक लागली होती, दुसरं काय न्हाई. तुझी इच्छा ऱ्हायली होती न ती म्हाईत असल्यालं माणूस तिथं एकच होतं.

मग श्रद्धांजलीची भाषणं. सोसायटीचं चेअरमन बोललं, गुरुजी बोललं. सरपंच उठलं न म्हणलं, "मावशी मनानं लय चांगल्या. एखादा निर्णय चुकला असंल, पर हेतू चांगला होता." ते डिंकाचंच होतं. चांगल्या मनानं बोललं, पर तुला तिथं बी चुकीचं ठरवलं. राखंवर.

नवऱ्यानं तिथं उठून बोलायची रीत न्हाई. मी उठलो.

"निर्णय चुकला नव्हता," मी म्हणलं. "त्या फटीला सिलिकॉन लावायच्या आधी पाणी मारलं होतं. मीच मारलं. तिनं मारू नको म्हणून सांगितलं होतं. माल बरोबर होता, बाई बरोबर होती, गवंडी चुकला. उद्या टाकीत परत सिमिट भरायचं ठरलंय. भरू नका."

सुमन रडाय लागली. सरपंच उठून आलं, माझ्या खांद्यावर हात टाकला न मला खाली बसवलं. "तात्या, बसा. आमास्नी कळतंय." मग लोकास्नी म्हणलं, "दुःखात माणूस आपल्या माणसासाठी काय बी अंगावर घेतंय." सगळ्यांनी माना हलवल्या. सोनाबाई डोळ्याला पदर लावून म्हणली, "किती जीव होता बघा तिच्यावर."

कुणाला खरं वाटंना! दोन वर्सं खोटं बोललो ते सगळ्यांला पटलं. खरं बोललो तर म्हणं जीव होता. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मग मला हाणायला दगड घेतला असतास.

संपत सांगलीहून आलता. जाताना गाडीपाशी मी त्याला धरलं. "आता खरं खरं सांग. कोरडं करून भरलं तर बसंल?"

"बसंल, काका."

"तुझ्या गाडीत माल हाय?"

त्यानं डिकी उघडून बघितली. मग म्हणला, "हाय. पिण्याच्या पाण्याचा हाय. मी आज मुक्काम करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीवर गेलो. हणमा माणसं घेऊन आलता, सिमिटाची पोती, बादल्या, थापी. टाकी आदल्या दिवशी उपसून रिकामी केल्याली. मला बघून सरपंच आडवं आलं.

"तात्या, तुमास्नी सुतक हाय. गावाच्या पिण्याच्या पाण्याची टाकी ही. शिवायची न्हाई."

"आत पाणी हाय का?"

"न्हाई."

"मग कोरड्या भितीला कसलं सुतक?"

"लोकं काय म्हणतील?"

"माझ्या बायकोला दोन वर्सं म्हणत होती तेच म्हणू देत. आता मला म्हणायचं."

हणमा पुढं आला. "तात्या, तुमीच शिकवलंय नव्हं, पाणी मारल्याबिगर भितीला हात लावायचा न्हाई म्हणून?"

"व्हय. म्हणूनच चुकलं. सिमिटाचा धडा मी ह्या सिलिकॉनला लावला. दर वर्षी तू भरतोस, आठ दिवस पाणी मारत बसतोस, वर्साला परत उघडती. मी बी तेच केलं. फट आपल्यास्नी सांगत होती भिताड हलतंय, आपण दोघं तिच्यावर सिमिट फेकत होतो."

त्याला ते लागलं. त्यानं फटीकडं बघितलं. "मारलं होतं तुमी? खरंच?"

"मगाभर. ह्या हातानं."

गावात पहिल्यांदा कुणाला तरी खरं वाटलं ते त्याला. गवंडी होता म्हणून. दुसऱ्याला ती सवय कळायची न्हाई. त्यानं माणसास्नी पोती माघारी न्यायला सांगितलं, न पाण्याची बादली उचलून लांब बाभळीच्या बुडात ओतून आला. सरपंच म्हणलं, "ह्यावेळंला गेलं तर?" हणमा म्हणला, "गेलं तर मी माझ्या हातानं सिमिट भरून देतो. तात्याचं ऐकू या."

मी शिडीवरनं आत उतरलो. माझं गुडघं, तुला म्हाईतच हाय. हणमा खाली धरून उभा, संपत वरनं माल देतोय. छिन्नीनं जुनं सिमिट काढलं, तारंच्या ब्रशनं घासलं, फडक्यानं पुसलं, न दोन तास काय न करता बसलो. झाकणातनं ऊन आत येत होतं, ते फटीवर पडू दिलं. मग भरलं. आंबट वास सुटला. बोटानं वरनं खाली एकच हात ओढला.

आता तीन दिवस पाणी सोडायचं न्हाई. बायका हिरीवर गेल्या, जाता जाता मला शिव्या घालत. घालू देत. मी घरी गेलो न्हाई. टाकीच्या तोंडाशी बसून ऱ्हायलो, कुणी हौसेनं बादली ओतली तर काय घ्या. तुझ्यासाठी भेटायला येणाऱ्यास्नी सुमननं टाकीवरच पाठवलं. रहिमतपूरची पावणं आली, तुझ्या माहेरची आली. जो आला त्याला मी आधी वाकून फट बघायला लावली. मग रडू दिलं.